फिलिप्पा कासवाची नोंद पत्नीच्या नावे कायम ठेवण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
संरक्षित प्राणी नोंदणी कक्ष,
विभागीय कार्यालय, कतानिया.

अर्जदार : वेनेरांदो मुराबितो, निवृत्त शिंपी, राहणार आचिरेआले, तिसरा मजला.

विषय : कासव (मादी, नाव फिलिप्पा) माझी पत्नी श्रीमती अगातीना पताने यांच्या नावे नोंदलेले असून ती नोंद आहे तशीच ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) आपली दि. २६ फेब्रुवारीची नोटीस. २) खिडकी क्र. ३ वर दि. ४ मार्च रोजी झालेले बोलणे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर कासव माझ्या पत्नीने १९७९ साली लग्नात माहेरून आणले. बारा चादरी, बारा टॉवेल आणि एक कासव अशी यादी तिच्या आईने केली होती. पुढे आपल्या खात्याने नोंदणी सक्तीची केल्यावर पत्नी स्वतः रांगेत उभी राहिली व तिने ते स्वतःच्या नावे नोंदवले. मी त्या दिवशी दुकानात होतो. कासवाच्या कोणत्याही कामात मी चाळीस वर्षे हात घातला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

२. फिलिप्पा नोव्हेंबर ते मार्च कोठीतल्या छोट्या फ्रिजमध्ये हिवाळी झोप घेते. आमच्याकडचा हिवाळा तिला पुरेसा थंड नाही आणि तिसऱ्या मजल्यावर पुरायला माती नाही. पत्नी तिला पाल्याने भरलेल्या खोक्यात ठेवी, रोज एकदा दार उघडून हवा देई आणि दर रविवारी वजन करी. वीज कशाला जाळतेस, असे मी एकदा विचारले होते. त्यावर ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा ती बरी. निदान घोरत तरी नाही."

३. दि. १४ जानेवारी रोजी पत्नीचे निधन झाले. आमच्याकडे दुखवट्याच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे लोक जेवण आणून देतात. ओव्हनमधला पास्ता, भरली वांगी, रस्सा, एवढे आले की मोठा फ्रिज पुरेना. शेजारीण सारिनाबाई यांनी जागा करण्यासाठी फिलिप्पाचे खोके फ्रिजबाहेर काढून कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवले. तासाभरात परत ठेवू, असे त्या म्हणाल्या होत्या म्हणे. मग त्या विसरल्या आणि माझे तर लक्षच नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी मी कोठीत गेलो तेव्हा खोके आडवे पडले होते आणि फिलिप्पा फरशीवर चालत होती. पडूनही तिला काही झाले नव्हते. सारिनाबाईंना आमच्यापैकी कोणीही बोल लावलेला नाही.

४. जागे झालेले कासव पुन्हा झोपवता येत नाही, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून मी तिची देखभाल करीत आहे. कोठीच्या दारावर पत्नीच्या अक्षरातला चौदा कलमांचा कागद आहे. त्याप्रमाणे सकाळी वीस मिनिटे कोमट पाण्यात, पाणी हनुवटीपर्यंत, त्याच्या वर नाही. मग दिव्याखाली. चिकोरीचा पाला द्यावा; टोमॅटो, पाव व पास्ता देऊ नये. माकूळ या समुद्रजीवाचे हाड कुरतडायला ठेवावे. कलम नऊमध्ये "वेनेरांदोने लाडाने काही दिले तरी खाऊ देऊ नये" असे आहे. तेही मी पाळतो. एरवी मला सध्या विशेष असे काही वाटत नाही. मुलगी तोरिनोहून रोज फोन करून विचारते, तिलाही हेच सांगतो.

५. फेब्रुवारीच्या मध्यास आपले वार्षिक तपासणीचे पत्र आले. ते "श्रीमती अगातीना पताने यांस" असे होते. मी ते दोन दिवस टेबलावर ठेवले. मग दि. १९ रोजी आपल्या कार्यालयात येऊन, त्या येऊ शकत नाहीत, असे सांगितले आणि का, असे विचारल्यावर कारणही सांगितले. ही माझी चूक झाली. त्या बाजारात गेल्या आहेत, असे सांगितले असते तर पुढचा पत्रव्यवहार उद्भवला नसता. त्यानंतर आपली नोटीस आली की, धारक मयत असल्याने नमुना 'ड' भरून कासव वारसाच्या नावे करावे, अन्यथा दि. १५ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता गाडी येऊन ते संगोपन केंद्रात नेईल.

६. आपल्या नियमपत्रकात धारकाची व्याख्या "जो प्राण्याचे अन्न, निवारा व दिनक्रम ठरवतो तो" अशी आहे. फिलिप्पाचे अन्न, निवारा व दिनक्रम आजही माझी पत्नीच ठरवते, वरील चौदा कलमे पाहावीत. मी केवळ सांगितलेले काम करणारा आहे. सबब मी व्याख्येत बसत नाही व ती बसते.

७. त्याच पत्रकात असेही आहे की, धारक परगावी गेल्यास एकशे ऐंशी दिवसांपर्यंत तात्पुरता काळजीवाहू नेमता येतो. तो नमुना मी खिडकी क्र. ३ वर मागितला. तेथील कर्मचारी श्री. लेओनार्दी यांच्या वडिलांचा लग्नाचा सूट मी शिवला होता. त्यांनी नमुना हातात धरला, पण दिला नाही. ते म्हणाले, "मास्तर, काकू रजेवर नाही गेलेल्या." मी म्हणालो, मला माहीत आहे. मग ते हळू आवाजात म्हणाले, "एक सही करा आणि कासव घरी ठेवा. एवढंच तर आहे." त्यांचे वागणे सौजन्याचे होते.

८. एवढेच आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु महोदय, जानेवारीपासून पेन्शन, विजेचे मीटर, टेलिफोन, मतदारयादी, डॉक्टरांची यादी, ग्रंथालय या सर्व ठिकाणांहून तिचे नाव निघाले आहे. ते अर्ज मुलीने भरले. पेन्सिलीने फुली केली होती तिथे मी सही केली, वर काय लिहिले आहे ते वाचले नाही. आता आपली नोंदवही तेवढी राहिली. जगात कोणत्याही कार्यालयात आता असे लिहिलेले नाही की अगातीना पताने हिच्याकडे काही सांभाळायला आहे. फक्त आपल्याकडे लिहिलेले आहे. याने आपल्या कामात काय अडचण येते, याचा मी पुष्कळ विचार केला. येत असेलच, कारण आपण नियम उगाच करीत नसाल.

९. तरी विनंती की, सदर नोंद पत्नीच्या नावे कायम ठेवावी. ते अशक्य असल्यास एकशे ऐंशी दिवस तरी ठेवावी. तेही अशक्य असल्यास गाडी पाठवू नये. नवख्या माणसाच्या हातून फिलिप्पा खात नाही. माझ्या हातून खायलाही तिने अकरा दिवस घेतले.

१०. गाडी येणारच असेल तर सोबत नमुना 'ड' भरून जोडला आहे, तो ग्राह्य धरावा. या खेपेस मुलीला सांगितले नाही. मृत्यूची तारीख माझ्या हाताने लिहिली आहे. 'पूर्वीच्या धारकाशी नाते' या रकान्यात पती असे लिहिले आहे.

११. नमुना 'ड' मंजूर करताना नोंदवहीतील तिचे नाव एकाच रेघेने खोडावे, म्हणजे खालचे वाचता येईल.

कळावे. उत्तर आल्यास मी घरीच असतो.

आपला नम्र,
वेनेरांदो मुराबितो
आचिरेआले, दि. ११ मार्च

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत.
२) चौदा कलमांचा कागद (झेरॉक्स, मूळ कागद दारावर लागतो).
३) दि. १० मार्चचे वजन : ९१० ग्रॅम.
४) नमुना 'ड', सहीसह.