जाळीमागची काच

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. नोकरी पक्की झाली हे वाचून फार आनंद झाला. म्हणजे झालाच असणार; आजोबा गेल्यापासून आनंद झाला की नाही हे माझं मलाच नीट कळत नाही. तरी शेजारणीला बोलावून दोनदा वाचून दाखवलं. अक्षराला हसू नकोस, माझी शाळा तिसरीतच सुटली.

रविवारी तुझा बाबा मला कायमचं तिकडे न्यायला येणार, हे तुला ठाऊकच आहे. ओढवून घेतलं ते मीच. फोनवर बोलता बोलता म्हणून गेले, अरे, मला हल्ली रस्ता धुरकट दिसतो, माणसांवर बारीक बारीक चौकटी दिसतात. तो घाबरलाच. आईला दिसेना, एकटी कशी राहणार, इकडे डॉक्टरला दाखवू, घर भाड्याने देऊन टाकू. मी हो म्हटलं. आजोबा गेल्याला चार महिने झाले, तेवढ्यात मी कशालाच नाही म्हटलेलं नाही आणि उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकलेलं नाही. खुर्ची खिडकीशी ओढायची आणि बसायचं, एवढंच.

काल काचवाला आला. भाडेकरू यायच्या आधी खिडकीची अडकलेली कडी नीट कर म्हणून बाबानेच धाडलेला. भारी बडबड्या माणूस, माझा भाऊच शोभेल. म्हणाला, आजी, ही डासांची जाळी शेवटची कधी काढलीत? म्हटलं, कधीच नाही. बावीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी सोळा स्क्रू मारून ठेवलेत, कारण मी सारखी उघडून समोरच्या शिंपिणीशी गप्पा मारायचे आणि डास आत यायचे. काच आतून मी रोज पुसते, बाहेरून कोणाचा हात पोचणार?

त्याने जाळी उतरवली आणि मला जवळ बोलावलं. काचेवर अख्ख्या जाळीचा ठसा! म्हणाला, जाळीवर धूळ बसते, तिचा धातू झिजून पांढरी पूड होते, पाऊस ते सगळं काचेवर ओघळवतो आणि ऊन वाळवतं. वर्षानुवर्षं असं चाललं की डाग काचेतच मुरतो. मग त्याने कडी सोडवून काच सरकवली. समोर शिंपिणीच्या रिळांचे रंग मी एकेक करून मोजले, अकरा. तिने कात्री हलवून विचारलं, म्हातारे, जिवंत आहेस होय! मीही हात केला. बरं वाटलं असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला? काही वाटलं नाही. फक्त दिसलं.

तर चिमणे, माझे डोळे चांगले आहेत. हे बाबाला माझ्याने सांगवत नाही. बिचाऱ्याने रजा काढलीय, माझ्यासाठी खोली रंगवलीय. त्याचा आवाज ऐकला की मी पुन्हा हो म्हणून बसेन. म्हणून हे पत्र तुला. तू सांग त्याला, आजी येत नाही म्हणते. एकटी राहून करणार काय, असं विचारेल. म्हणावं, काही नाही. इथेच खिडकीशी बसणार आहे.

तुझीच, रविवारनंतरही याच पत्त्यावर असलेली,
आजी