अहवालातून गाळलेलं पान

प्रिय बुटके,

फोन लावला की आधी तू रडतेस, मग मी, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. हे पत्र आधी तू एकटीने वाच. सासूबाईंना लगेच वाचून दाखवू नकोस. त्यांना काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुझं तू ठरव. थोरली पुन्हा शाळेत जायला लागली हे ऐकून बरं वाटलं. धाकटी अजून दारातच बसून राहते म्हणालीस. तिला रागावू नकोस. बसू दे.

चार वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाकडे त्या मासळीच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा मीच पुढे होऊन ते मागून घेतलं होतं. कारखाना उभा राहण्याआधी त्याने खाडीचं, हवेचं, माणसांचं काय होईल याचा अहवाल करायचा होता. साहेबांना म्हटलं, माझी लहानपणची मैत्रीण तिथेच राहते, मला तिथली माणसं माहीत आहेत. लॉजवर न उतरता मी तुझ्याकडे पंधरा दिवस राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तू मला गादी घालून दिलीस आणि पहिल्याच सकाळी म्हणालीस, "घोरतेस अजून, तशीच. शिकून काही फरक पडला नाही." किती हसलो होतो.

भावजींची होडी मी नमुने घेण्यासाठी ठरवली. कार्यालयातून दिलेला मदतनीस दोन दिवसांत ओकून ओकून पळाला, मग बाटल्याही भावजीच भरायला लागले. बाटली पाण्याखाली हातभर खोल नेऊन आतच बूच लावायचं, एक बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा चुकतो. मला हे शिकायला सहा महिने लागले होते. त्यांनी एका सकाळीत शिकून घेतलं. बाटली उजेडात धरून, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "ताई, खाडीचं रक्त तपासताय. साखर निघाली तर आधी मला सांगा." एकदा परत येताना त्यांनी वल्हं थांबवलं आणि विचारलं, "तुमचे आकडे राहू द्या. कारखाना आला तर बरं की वाईट, एका शब्दात सांगा." मासळी कमी झाली होती, होडीवर पाच जणांचं भागत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "बरं." एका शब्दाचा प्रश्न होता, मी एका शब्दाचं उत्तर दिलं. खरं उत्तर एका शब्दाचं नव्हतं.

मग शाळेच्या हॉलमध्ये ती लोकांची सुनावणी झाली. पुढच्या खुर्च्यांवर कंपनीचे लोक, मागे सगळी वस्ती. कोणी तोंड उघडेना. तू उभी राहिलीस. पदर खोचून, जणू भांडायलाच. म्हणालीस, "काम द्या, आम्ही नाही म्हणत नाही. पण माशांची घाण आमच्या दारात उघडी ठेवणार असाल तर आमच्या पोरांनी नाक दाबून जेवायचं का?" सगळा हॉल हसला आणि मग टाळ्या वाजल्या. मला तुझा इतका अभिमान वाटला! त्याच संध्याकाळी मी तुझं म्हणणं अहवालात घातलं. सांडपाण्याची टाकी उघडी नको, तिच्यावर घट्ट झाकण बसवावं.

बुटके, आता जे लिहिते ते नीट वाच.

झाकणाबद्दल लिहिलं त्याच पानावर खाली मी आणखी एक परिच्छेद लिहिला होता. माशांचं रक्त, आतडी, चरबी असलेलं पाणी बंद टाकीत साचून राहिलं की त्यात विषारी वायू तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा शुद्ध झाली, आणि दोन-चार श्वासांत तो कोसळतो. म्हणून झाकण बसवायचं असेल तर वायू बाहेर काढणारा पंखा हवा, मोजणारं यंत्र हवं, आणि टाकी रिकामी करून हवा तपासल्याशिवाय आत माणूस उतरवता कामा नये. हे सगळं मी लिहिलं होतं. मला माहीत होतं. अज्ञानाची ढालही माझ्याकडे नाही.

साहेबांनी कच्चा अहवाल वाचला आणि तो परिच्छेद लाल पेनाने कापला. म्हणाले, "आपण कारखान्याबाहेरच्या पर्यावरणाचं बघतो. टाकीच्या आत काय होतं ते बघायला दुसरं खातं आहे. उगाच कंपनीला घाबरवू नका." मी म्हटलं, मग झाकणाचंही काढू. त्यावर ते हसले. "ते राहू द्या, लोकांची मागणी आहे. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची." मी वाद घातला. पण किती? पाच मिनिटं. फार तर सात. तो पहिला अहवाल होता ज्याच्या मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं. आईला फोन करून तसं सांगूनही झालं होतं. मी ते पान पुन्हा टाइप केलं. झाकण ठेवलं, इशारा गाळला, आणि खाली सही केली. कोणी माझा हात धरून ती करून घेतली नाही.

कारखाना सुरू झाला. तू मासळी सोलायच्या हॉलमध्ये लागलीस, भावजी टाकीच्या पंपांवर. वर्षभराने मी पाहणीला आले तेव्हा तू खिडकी सताड उघडून मला म्हणालीस, "बघ, वास येतो का? तुझ्यामुळे." मी वास घेतला. खरंच येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी टाकी पाहिली. झाकण नटबोल्टने आवळलेलं, पंखा नाही, हवा जायला साधा पाइपही नाही. सुपरवायझरला विचारलं, पंप तुंबला तर? तो म्हणाला, "बाहेरूनच ओढून काढतो, मॅडम." पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं होतं. तरी मी मान हलवली आणि खाडीकडे गेले. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी प्राणवायू निम्म्यावर आला होता, चिखलावर मेलेल्या शिंपल्यांचा थर होता. ते मी अहवालात लिहिलं, सौम्य शब्दांत, काठावर पास केल्यासारखं. टाकीबद्दल एक ओळही लिहिली नाही. कारण ती लिहिली असती तर पहिल्या वेळी का नाही लिहिली, हे कोणीतरी विचारलं असतं.

त्या मंगळवारी काय झालं ते तुला कोणी धड सांगितलेलं नाही. मला सांगितलं त्या पंप मेकॅनिकने. गेल्या आठवड्यात मी त्याला इस्पितळात भेटले. अजून दोन वाक्यं बोलला की धाप लागते, पण शुद्धीवर आहे, आणि सगळं आठवतंय त्याला. दुपारी खवले आणि चरबी अडकून पंप बंद पडला. पाणी मागे फिरून सोलायच्या हॉलमध्ये, तुमच्या पायांशी यायला लागलं. सुपरवायझर ओरडत आला, माल खराब होतोय, कोणीतरी उतरा. भावजींनी आधी नाही म्हटलं. झाकण उघडून थोडा वेळ हवा जाऊ द्या म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, "बायकोला तरी आत कमरेएवढ्या घाणीत उभी ठेवायची का?" मग ते शिडी उतरले. चौथ्या पायरीवर त्यांनी वर बघून सांगितलं, "आता वास गेला." तेवढंच. मेकॅनिक त्यांना ओढायला खाली गेला तो अर्ध्यावर कोसळला. त्याच्या कमरेला दोर होता म्हणून तो वर आला. भावजींना दोर दिलेला नव्हता.

आणि कंपनी सांगते की ते खिशातून पडलेला मोबाइल काढायला स्वतःहून उतरले! बुटके, मोबाइल त्यांच्या डब्याशेजारी खुंटीवरच्या पिशवीत होता. मेकॅनिकने पाहिला होता. कोणाच्या चुकीने ते गेले याची यादी केली तर त्यात सुपरवायझर येईल, कंपनी येईल, साहेब येतील. पण भावजींचं नाव त्या यादीत कुठेच नाही. हे मुलींना सांग. आज नाही तर उद्या, पण सांग.

तिसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले तेव्हा तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस, "तू तरी आलीस." सासूबाईंनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मी दिवसभर तुझी भांडी घासली, मुलींच्या वेण्या घातल्या, आणि हे एवढं तोंडातून निघालं नाही. तुझं दुःख वाढू नये म्हणून गप्प बसले, असं गाडीत स्वतःला समजावलं. खोटं होतं ते. तू माझ्या मांडीवरचं डोकं उचलशील, याची मला भीती वाटत होती.

काल तू मला कंपनीच्या कागदाचा फोटो पाठवलास आणि विचारलंस, "तू शिकलेली आहेस, वाचून सांग, सही करू का?" वाचला. त्यात लिहिलंय की तुझा नवरा सूचना मोडून, स्वतःच्या कामासाठी टाकीत उतरला आणि तुझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सही करू नकोस. कोणी घरी येऊन बसलं, गोड बोललं, तुझी नोकरी जाईल म्हणालं, तरी करू नकोस. मेकॅनिक जबाब द्यायला तयार आहे. मी माझं कच्चं पान, साहेबांच्या लाल रेघांसकट, आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे दिलं आणि माझा जबाब लिहून दिला. नोकरी बहुधा राहणार नाही, माझ्यावर खटलाही होऊ शकतो, आणि व्हायला हवा. गुरुवारी त्याच शाळेच्या हॉलमध्ये चौकशी आहे. ते पान सगळ्यांसमोर वाचलं जाईल आणि खाली कोणाची सही आहे तेही. तू पुढच्या रांगेत बसलेली असशील. माझं नाव तुला परक्या माणसाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. माफी मागत नाही, तो भार मला तुझ्यावर टाकायचा नाही. गुरुवारी मी दाराजवळ उभी असेन. तू बोलावलंस तर शेजारी येऊन बसेन. नाही बोलावलंस तर जबाब देऊन निघून जाईन.

अजून म्हणू देशील तर, तुझीच