राणीवरचा ओरखडा

मंगळवार, ५ मे १९८७

आज मी विज्याची वाट लावली. मस्करीत.

गॅलरीत कॅरम चालला होता. विज्याकडे काळ्या सोंगट्या. तो बोर्डावरनं नजर हलवतच नाही, राणी मधनं सुटून कुठे जाते ते बघत राहतो. मला वाटायचं शायनिंग मारतो. नाही, खरं सांगायचं तर थोडा डाऊट होता मला. म्हणूनच तो पाणी प्यायला वळला तेव्हा मी राणी आणि एका काळीची जागा बदलली.

त्याने झकास कट मारून राणीच घातली आणि ओरडला, "घे पक्या, अजून एक काळी!"

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. बाजूला खेळ बघत बसलेले साळवीकाका हसले नाहीत. ते त्याला रेल्वेत चिकटवणार होते.

"विजू, ही तुला काळी दिसते?"

विज्याने राणी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"मग सिग्नल कसा दिसणार रे बाबा? फॉर्म राहू दे."

काका बरोबरच बोलले. पण हे असं, सगळ्यांसमोर?

जिन्यात त्याला गाठलं. वाटलं शिव्या घालेल. तर म्हणतो, "पक्या, लाल म्हणजे कसा असतो रे?"

"लाल म्हणजे... लाल."

नोकरी तर मी परत आणू शकत नाही. घरी येऊन कर्कटकाने राणीवर ओरखडा काढला. खोल. विज्या उद्या खेळायला येईल का?

सगळ्या सोंगट्या मिसळून, डोळे मिटून तीनदा शोधली. तिन्ही वेळा बोटाला सापडली.