हातचा एक

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घराचा मागचा कोपरा खचला म्हणून पाया बदलायला काढलाय. सध्या घर लोखंडी टेकूंवर उभं आहे. आम्ही तिघं पाय न वाजवता चालतो. आई तर शिंकायलासुद्धा अंगणात जाते.

ठरलेल्या खर्चात सगळं बसेल असं वाटलं होतं. पण काल तुझ्या खोलीखाली खणलं, तर दगडच नाहीत. नुसते विटांचे तुकडे आणि माती. गवंडी म्हणाला, खोली ठेवायची तर खर्च दीडपट होईल, नाहीतर ती पाडून टाका. बाबा म्हणाले, पाडा, तीन वर्षांत तिथे झोपलंय कोण.

मी बांधकामाची जुनी वही काढली. दगडांची बेरीज बाबांनीच केलेली. आणि दादा, गणिताचे मास्तर हातचा एक मिळवायला विसरलेत. शंभर दगड कमी आले. वही पुढे ठेवली तेव्हापासून नुसता चष्मा पुसतायत, पण 'पाडा' काही सोडत नाहीत. गवंडी येत्या सोमवारपर्यंत थांबणार आहे. काय करू?

बाकी सगळं खणून काढलंय, लोभ तेवढा होता तसा ठेव.

तुझी भिंगरी

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र बेकरीत वाचलं आणि इतका हसलो की गिऱ्हाईक पाव न घेताच निघालं होतं. हातचा विसरणाऱ्याने दुकान काढू नये, असं म्हणून बाबांनी मला धुऊन काढलं होतं. मीही तणतणत निघालो, तो आजवर फिरकलो नाही.

हसून झाल्यावर मात्र वाईट वाटलं. ते दगड बाबांनी स्वतः हातगाडीवरून आणले होते, मी मागून ढकलत होतो. कमी पडले तेव्हा खिसा रिकामा असणार आणि ते कुणाला बोलले नसणार.

खोली पाडू नका. वाढलेला खर्च मी देतो. नवी भट्टी घेणार होतो, पण जुनी अजून वर्षभर कुरकुरत चालेल. वहीचा विषय पुन्हा काढू नकोस. बाबांनी बोलावल्याशिवाय मी येणार नाही, हे मात्र आहेच. शेवटी त्यांचाच मुलगा.

आईला नमस्कार, तुला एक टपली.

दादा

दि. ९ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र भिंगरीने मला दाखवलं नाही. तुझ्या आईने दाखवलं.

खोली पाडायची नाही, असं गवंड्याला सांगितलंय. तुझे पैसे नकोत असं लिहिणार होतो, पण तुझी आई म्हणाली की ताठा पुरे झाला. तेव्हा घेतो. हातचा मी विसरलो होतो. आणि तू दुकान चालवून दाखवलंस. मला आनंद झाला, हे तुला कधी कळवलं नाही.

गवंड्याने नव्या दगडांचा हिशोब दिलाय. मी तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. तरी त्याला म्हटलं, थांब, थोरला येऊन बघेल. चार माणसं कालपासून अंगणात बसून आहेत. लवकर ये.

तुझे बाबा