पडद्यावर न आलेली चाची

प्रिय आबा,

तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं. आपलं बाप-लेकीचं एक भांडण राहून गेलंय, म्हणून लिहायला बसलेय. आज दुपारी टीव्हीवर निजामाच्या रझाकारांवरचा तोच पिक्चर लागला होता, जो आपण नांदेडला थेटरात पाहिला. माझा नातू सोहम सोफ्यावर उभा राहून ओरडत होता, "आजी, बघ बघ! हा पोरगा म्हणजे आपले मोठे आबाच!"

पडद्यावरचा पोरगा पाच-सहा वर्षांचा. गळ्याला तलवार लागली तरी तोंड उघडत नाही, आणि त्यामुळं अख्खं गाव वाचतं. उद्या शाळेत मुक्तिसंग्राम दिन आहे. सोहम भाषण करणार आहे. आपले पणजोबा अगदी असेच होते, हे त्यानं परस्पर ठरवूनही टाकलंय. मी उठले आणि कागद घेऊन बसले.

थेटरातली ती दुपार आठवते ना? फौज आली, झेंडा चढला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. दिवे लागले. मी पायानं चपला शोधत होते आणि तुम्ही खुर्ची धरून बसलेले. "चला आबा, संपला," म्हटलं, तर म्हणालात, "सपला कसा? चाची यायची हाय अजून."

कोण चाची? जन्मात तुमच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. सख्ख्या चुलतीलाही तुम्ही काकू म्हणायचा नाहीत, 'बाई' म्हणायचात. आम्ही किती चिडवायचो तुम्हाला!

घरी येताना ऑटोत तुम्ही सांगितलंत, रस्त्याकडं बघत. "हदगावकडं आपल्या गावात रझाकार आले तवा शेजारच्या चाचीनं तुह्या आजीचं कुकू पुसलं, तिला आपला बुरखा चढवला. माझी भैन हाय म्हनली. वाचलो आमी. मग पुलिस ॲक्शन झाली, फौज आली अन् रझाकारांचा सूड म्हनून चाचीच्याच जिवावर आलं. आईनं तिला घरात घेतलं, आपलं लुगडं नेसवलं, कुकू लावलं. चाची कायम बुरख्यात, तिचं तोंड गावात कुन्या गड्यानं पाह्यलं नव्हतं. मला बजावलं, काकू म्हनायचं बरं का, काकू."

मग दारात माणसं आली. हातात कुऱ्हाडी, आणि सगळी आपल्याच गावची, ओळखीची. तुम्ही घाबरलात. पळत जाऊन तिला बिलगलात आणि हाक मारलीत, "चाची!"

"नदीकडं नेलं तिला. जाताना पदरानं माझं नाक पुसलं." एवढं बोलून तुम्ही ऑटोवाल्याला म्हणालात, "डावीकडं घे."

तेव्हापासून कुठल्याही लढाईचा पिक्चर संपला तरी मला उठवत नाही. लोक टाळ्या वाजवत बाहेर पडतात आणि मी पांढऱ्या पडद्याकडं बघत बसते. वाटतं, आता येईल. आजीचं लुगडं, कपाळाला आजीनं लावलेलं कुंकू. कधीतरी आरशात कुंकू लावताना माझाच हात थांबतो.

रझाकारांनी केलं ते खोटं नाही, आबा. पिक्चरात दाखवलं त्याहून वाईट घडलं, असं तुम्हीच सांगायचात. पण झेंडा चढला की गोष्ट संपते, हे त्या पिक्चरवाल्यांना कुणी सांगितलं? आणि तुम्ही तरी! सत्तर वर्षं एकट्यानं धरून ठेवलंत, शेवटी माझ्या ओटीत टाकलंत, आणि वर म्हणालात, "कुनाला सांगू नको." मला का अडकवलंत हो? पडद्यावरचा तो पोरगा बघून तुम्हाला काय झालं असेल, हे मला तेव्हा विचारताही आलं नाही.

रागवा हवं तर, पण तुमचा शब्द मी मोडणार आहे. आज संध्याकाळीच सोहमला जवळ घेऊन सांगते. तो पोरगा गप्प राहिला, आपले आबा बोलले. पाच वर्षांचे होते. भ्याले की जिच्याकडं धावायची सवय होती, तिच्याकडंच धावले. उद्या शाळेत काय बोलायचं ते मग त्याचं तो ठरवील.

आणि आबा, सांगताना मी तिला एकदाही काकू म्हणणार नाही.

तुमची,
शोभी