घरधनी मिठागरावर गेलेत

गं. भा. हौसा, मुक्काम खडवली, हीस माजिवड्याहून दादाचा आशीर्वाद.

तुला आलेलं पत्र तिथले मास्तर चारचौघांत वाचून दाखवतात, म्हणून मागच्या खेपेस तुझी वहिनी बरी आहे एवढंच लिहिलं. ती बरी नाही गं.

परवा मी मिठागरावर असताना ती मला शोधत भरतीच्या वेळी खाडीच्या चिखलात उतरली. शेजारच्या नंदाने हात धरून घरी आणली. आता मीठ ओढताना माझा जीव घराकडे असतो. दाराला बाहेरून कडी घालायला गेलो, पण हात होईना.

तू इथे येऊन राहा. तिच्याजवळ बाईमाणूस हवं. ठाण्याला आगगाडीतून उतरलीस की चालतच ये, तिला टाकून मी न्यायला कसा येऊ? हे पत्र मी टाकणार नाही. मास्तरांसाठी दुसरं लिहीन, मीठ भरायला माणूस कमी आहे, तू ये म्हणून.

आज दुपारी घरी आलो, तर मला पाहून तिने डोईवरून पदर ओढला.

"घरधनी मिठागरावर गेलेत. ओटीवर बसा, पाणी देते."

मी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

ती लाजली. "बाईला नवऱ्याचं नाव विचारतात होय? गावात विचारा कुणालाही."

मला ओळखलं नाही, पण माझं नाव काही तिने घेतलं नाही. मी ओटीवर बसून पाणी प्यायलो. ती आत माझी वाट बघत बसली.

तुझा थोरला भाऊ,
काळुराम