धरतीमातेची वाटी

कोचाबांबा, शनिवार

लाडक्या नेमेसियास,

तिकडे घरी ओरुरोत थंडी वाढली असेल. आईचा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो.

फोनवर तू एवढंच विचारलंस, "शुक्रवारी कुठे बसता?" पुढचं न बोलताच कळलं मला. तर ऐक. आम्ही सगळे गवंडी गुत्त्यामागच्या अंगणात बसतो. मक्याच्या दारूची वाटी एकच, ती सगळ्यांत फिरते. पहिल्यांदा ती माझ्यापाशी आली, तेव्हा मी पेचातच पडलो. नको म्हणावं तर माणसं तुटणार, घ्यावी तर तुझा चेहरा समोर.

पिण्याआधी धरतीमातेला चार थेंब वाहतात ना? मी अख्खी वाटीच जमिनीवर ओतली आणि पुढे दिली.

आमचे मुकादम एउसेबियोकाका ओरडले, "अरे गाढवा, म्हातारी झिंगली तर आपल्या भिंती पाडेल!" सगळे हसून लोळले. तेव्हापासून माझी वाटी धरतीमातेची. मला पीचचं सरबत मिळतं, आणि गाण्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा.

मागच्या शुक्रवारी मी तापाने खोलीवर पडून होतो. (आता बरा आहे, ओरडू नकोस.) वाटी माझ्या रिकाम्या स्टुलापाशी आली, तेव्हा म्हणे काका स्वतः उठले, ती तिथे ओतली आणि म्हणाले, "त्याचा नंबर चुकवायचा नाही."

कार्निव्हलच्या सणाला घरी येतोय. दारात नेहमीसारखं माझं तोंड खुशाल हुंग. बूट मात्र बाहेरच काढायला लाव. ते पार दारुडे झालेत.

तुझाच,
एलियोदोरो